ओळख खऱ्या अँथनीची

मुलांनो, 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलाय? १९७७ सालचा चित्रपट. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाबा तेव्हा जन्मलेलेही नव्हते. तरी त्यातला एक प्रसंग तुम्हांला ठाऊक असणारच. ईस्टरचा सण असतो. मोठा समारंभ चाललेला असतो. मधोमध एक प्रचंड अंडं ठेवलेलं असतं. ते अंडं उघडतं आणि आतून उंच हॅट घातलेला अमिताभ बच्चन बाहेर येतो! आधी कुणालाच न कळणाऱ्या अवघड इंग्रजी शब्दांची तो आतषबाजी करतो, आणि मग किशोरकुमारच्या आवाजात ऐटीत आपलं नाव सांगतो. अँथनी गोन्साल्विस!

गंमतीदार गाणं, गंमतीदार माणूस आणि नावही कसं गंमतीदार. ऐकणाऱ्याला वाटतं, गाण्यात बसावं म्हणून कुणीतरी हे नाव रचलेलं असणार.

पण तसं नाही बरं का. अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस होता. तो कधी अंड्यातून बाहेर आला नाही, की चित्रपटात नाचला नाही. तो व्हायोलिन वाजवायचा, सुरांची मोठमोठी गणितं मांडायचा, आणि जे आपल्या देशात फारसं कुणी करून पाहिलं नव्हतं ते करून पाहायचा. आज त्यांचीच ओळख तुम्हांला करून द्यायची आहे.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलांनी हे गाणं बसवायला घेतलं होतं. आमचं सोलापूर तसं तीनचार भाषांचं गाव. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कानडी बोलणारी आहेत, उर्दू बोलणारी आहेत. सगळ्यांचं मिळून एक खास सोलापुरी मराठी तयार होतं. तर पुठ्ठ्याचं अंडं रंगवता रंगवता एका पोरानं मला विचारलं, "बाई, ह्यो अँथनी गोन्साल्विस खरंच हुता काय ओ?"

मी म्हटलं, "'होता' नाही रे, 'होते' म्हण. होते."

पोरांचे ब्रश थांबले. मग त्या दिवशी अंडं अर्धंच रंगलं, आणि गोष्ट मात्र पुरी झाली. तीच गोष्ट इथं सांगते.

गोव्यात मडगावजवळ समुद्रकाठी माजोर्डा नावाचं गाव आहे. कोकण रेल्वेनं गेलात तर त्या नावाचं स्टेशनही लागतं. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म तिथं १९२७ साली झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. आपल्याकडे जशी देवळात भजनं, तशी तिथं चर्चमध्ये प्रार्थनागीतं. ती गाणारी आणि वाजवणारी मुलं तयार व्हावीत म्हणून गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत संगीत शिकवलं जायचं. अँथनींचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. घरातच गुरू! मुलगा व्हायोलिन शिकला आणि त्याबरोबर सूर वाचायलाही शिकला.

सूर वाचायचे म्हणजे काय, हे जरा नीट समजून घेऊ या. आपण जशी अक्षरं वाचतो ना, तसे पाश्चात्त्य संगीतात सूर कागदावर लिहिलेले असतात. पाच आडव्या रेघा आणि त्यांच्यावर काळे-पांढरे ठिपके. ठिपका कुठल्या रेघेवर आहे त्यावरून सूर कळतो. त्याचा आकार कसा आहे त्यावरून तो किती वेळ वाजवायचा ते कळतं. ज्याला हे वाचता येतं, त्याच्यापुढे कधीही न ऐकलेली चीज ठेवली तरी तो ती वाजवून दाखवतो. तुमच्यापुढे नवा धडा ठेवला की तुम्ही वाचता, अगदी तसंच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या मुलांना दिली.

१९४३ साली, सोळाव्या वर्षी, अँथनी मुंबईला आले. सोळा म्हणजे आज दहावी पास होऊन अकरावीत जाण्याचं वय! मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्यातल्या वेगवेगळ्या गावांचे 'कूड' असायचे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहायची खोली किंवा मोठी जागा. एका कोपऱ्यात आपली पेटी ठेवायची, आपलं अंथरूण पसरायचं आणि कामाच्या शोधात बाहेर पडायचं. गोव्याहून आलेले कितीतरी वादक, खलाशी, आचारी असे राहिले. वादकांना काम मिळायचं हॉटेलांत, नाचाच्या कार्यक्रमांत आणि सिनेमात.

अँथनींना सिनेमात काम मिळालं. संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. पुढे ते नुसते वादक राहिले नाहीत, 'अरेंजर' झाले. 'नया दौर', 'वक्त' अशा चित्रपटांच्या संगीतासाठी त्यांनी काम केलं.

आता हे अरेंजर काय प्रकरण आहे? वर्गातही हाच प्रश्न आला. मी सांगितलं, समजा संगीतकारानं हार्मोनियमवर एक चाल बसवली. चाल म्हणजे गाण्याचा कणा. पण गाणं ऐकताना आपल्याला नुसती चाल ऐकू येत नाही. सुरुवातीला वीस व्हायोलिनं एकदम उसळतात. मधेच बासरी येते. गायक श्वास घेतो तेवढ्या वेळात ट्रंपेट दोन सूर टाकून जातो. खाली चेलो हळूच घुमत असतो. हे सगळं कुणी ठरवलं? कुणी प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहिला? तो अरेंजर. चाल हे जर घर असेल, तर त्याला खिडक्या, दारं, जिना, रंग देणारा तो माणूस.

पन्नास-साठच्या दशकांत हे काम करणारे पुष्कळजण गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबास्टियन डिसोझा होते. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. हो, चॉकलेटच! ते त्यांचं रंगमंचावरचं नाव. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. पण ते नशीब थोड्यांचं. बाकीच्यांची नावं कुठं येत? रेकॉर्डवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, चित्रपटाचं नाव. झालं. कागदावर हजारो ठिपके लिहिणाऱ्याचं नाव आलंच तर 'सहायक' म्हणून यायचं. रांगेत बसून वाजवणाऱ्यांचं तर तेवढंही नाही.

अँथनींनी एवढंच केलं असतं तरी ते मोठे कलावंत ठरले असते. पण त्यांना एक वेगळाच नाद लागला.

मुंबईत आल्यावर त्यांच्या कानांवर हिंदुस्थानी राग पडले. चर्चच्या संगीतात वाढलेला तो मुलगा. त्याला ते सूर परके वाटले नाहीत, उलट आपलेच वाटले. सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांच्या एका बाजूला सूर वाचून वाजवणारे गोव्याचे वादक बसत. दुसऱ्या बाजूला सतार, सारंगी, तबला वाजवणारे. ते कागद बघत नसत, गुरूच्या तोंडून शिकलेलं मनातून वाजवत. दोघंही एकाच खोलीत, एकाच गाण्यासाठी. गाणं संपलं की आपापली वाद्यं पेटीत घालून आपापल्या वाटेनं घरी. अँथनींना वाटलं, या दोघांचं नीट का जमवू नये? चार मिनिटांच्या गाण्यापुरतं नव्हे. राग घेऊन पूर्ण वाद्यवृंदासाठी मोठी रचना का करू नये?

वाचताना हे सोपं वाटतं. सोपं ते मुळीच नव्हतं. का, ते आम्ही वर्गात करूनच बघितलं. तुमच्या शाळेत हार्मोनियम असेल तर तुम्हीही करून बघा.

प्रार्थनेची पेटी आम्ही टेबलावर ठेवली. एकीला म्हटलं, सा, ग आणि प हे तीन सूर एकदम दाब. तिनं दाबले. खोलीभर भरदार आवाज पसरला. पोरं म्हणाली, "भारी वाटायलंय!" तीन सूर असे एकदम, एकमेकांना धरून वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात. पाश्चात्त्य संगीताची इमारत अशा कॉर्डवर उभी असते. आणि सगळ्यांत घरचा, हक्काचा कॉर्ड म्हणजे सा-ग-प. सूर कुठंही भटकले तरी शेवटी या घरी येऊन टेकतात.

आता आपल्याकडे बघा. आपलं रागसंगीत एका वेळी एकाच सुरामागून चालतं. सूर एकामागून एक येतात, एकावर एक चढत नाहीत. आणि प्रत्येक रागाचे नियम असतात. अँथनींनी ज्या रागांवर काम केलं त्यांतला एक म्हणजे सारंग. वृंदावनी सारंग हा दुपारचा राग. सोलापूरच्या दुपारी तो ऐकलात तर त्यातलं ऊन बरोबर कळेल! या रागात सा, रे, म, प आणि दोन्ही नी लागतात. ग आणि ध चालत नाहीत. वर्ज्य.

मी फळ्यावर सूर लिहिले आणि विचारलं, "आता सारंगात सा-ग-प वाजवा बघू."

थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ग तर नाहीच की ओ त्यात!"

बरोबर! हीच तर मेख आहे. ज्या घरी परत यायचं, त्या घराचं दारच रागानं बंद केलेलं. गंधार घातला तर राग मोडला. नाही घातला तर घरचा कॉर्डच होत नाही. मग पोरं पेटीवर शोधाशोध करायला लागली. एकीला प-नी-रे सापडलं. ते सारंगाच्या सुरांतून तयार होतं! दुसऱ्याला कोमल नी-रे-म सापडलं. तेही होतं! म्हणजे वाटा आहेत, पण त्या शोधून काढाव्या लागतात. राग सांभाळायचा आणि वाद्यवृंदही नीट उभा करायचा, असं ज्याला साधायचं आहे, त्याला प्रत्येक पावलाला अशी कोडी सोडवावी लागतात. एका वेळी वीस-पंचवीस प्रकारच्या वाद्यांसाठी.

दुसरं कोडं मींडेचं. आपल्याकडे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारत नाहीत, घसरत जातात. सा वरून प पर्यंत मधली सगळी जागा हळूच चोळत जायचं. हार्मोनियमवर हे जमत नाही. तिथं पट्ट्या ठरलेल्या. पियानोवरही नाही. व्हायोलिनवर जमतं, कारण तिथं बोट तारेवर सरकवता येतं. म्हणूनच परदेशातून आलेलं व्हायोलिन आपल्या संगीतात इतकं रुळलं. पण फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांचं काय?

यासाठी मी आमच्या गल्लीतल्या एका काकांना वर्गात बोलावलं. ते लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात. वरातीत तुम्ही ते वाद्य नक्की पाहिलं असेल. लांबच लांब पितळी नळी आणि वाजवणारा उजव्या हातानं ती पुढे-मागे करतोय. पुढच्या रांगेतल्या लोकांना लागेल की काय अशी भीती वाटते, तेच. सरळ केली तर ती नळी सुमारे नऊ फूट भरते. ट्रंपेटला तीन दट्टे असतात, ते दाबून सूर बदलतात. ट्रॉम्बोनला दट्टे नाहीत. एका नळीवर दुसरी नळी सरकते. नळी लांबली की सूर खाली, आखडली की वर. सरकत्या नळीच्या सात जागा धरलेल्या असतात, पण त्या जागांवर खूण मात्र एकही नसते. कानच सांगतो, इथं थांब.

काकांनी एक सूर धरला आणि नळी सावकाश सरकवत खाली आणली. वर्गात हशा पिकला. हत्ती आल्यासारखं वाटलं म्हणे! मग मी म्हटलं, "काका, आता हेच अगदी हळू, गाण्यासारखं करा." त्यांनी केलं. कुणी हसलं नाही. ती मींड होती. पितळेतून आलेली.

याच वाद्यावर जगात केवढाले प्रयोग झालेत! अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९५२ साली जन्मलेले जॉर्ज लुईस नवव्या वर्षी ट्रॉम्बोन शिकले. पुढे ते शिकागोतल्या कृष्णवर्णीय वादकांच्या एका संस्थेत गेले. आपलं संगीत आपणच रचायचं, असं ठरवून १९६५ मध्ये त्या वादकांनी ही संस्था काढली होती. लुईस यांनी ट्रॉम्बोन तर वाजवलाच, पण १९८० नंतरच्या दशकात त्यांनी संगणकासाठी 'व्हॉयेजर' नावाची एक प्रणाली लिहिली. ती समोरच्या वादकाचे सूर ऐकते आणि त्यावर आपले सूर काढते. नुसती नक्कल नाही बरं. कधी ऐकते, कधी उलट उत्तर देते, कधी आपल्याच नादात चालते. एक माणूस ट्रॉम्बोन फुंकतोय आणि संगणक त्याच्याशी सवाल-जवाब करतोय! पुढे लुईस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

शिकागोचे लुईस आणि माजोर्ड्याचे अँथनी यांची वाद्यं वेगळी, काळ वेगळा. पण प्रश्न एकाच जातीचा. ज्या दोघांची भाषा एक नाही, त्यांना एकत्र बसवून बोलतं कसं करायचं? माझ्या वर्गातल्या तेलुगू, कानडी आणि मराठी पोरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागला नाही. मधल्या सुट्टीत ते रोजच तो सोडवत असतात.

तर अँथनींनी काय केलं? १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतःचा भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. सिंफनी वाद्यवृंद म्हणजे साधा जमाव नव्हे. व्हायोलिनांच्या रांगा, चेलो, बासऱ्या, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, नगारे, सगळा फौजफाटा. शंभराच्या आसपास माणसं! आणि सोबत गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे! मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम झाला. अँथनींच्या स्वतःच्या रचना तिथं वाजल्या. त्यांतल्या एकीचं नाव 'सोनाटिना इंडियाना', दुसरीचं 'कन्चेर्टो इन राग सारंग'. नावं नीट बघा. सोनाटिना आणि कन्चेर्टो हे युरोपातल्या रचनांचे प्रकार. इंडियाना आणि राग सारंग आपल्याकडचे. दोन्ही हात नावातच मिळवलेले.

१९५८ हे साल लक्षात ठेवा. पंडित रविशंकर यांनी लंडनच्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर आपला सतारीचा कन्चेर्टो वाजवला तो १९७१ मध्ये. मुंबईच्या एन.सी.पी.ए. या संस्थेत 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला तो २००६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, माजोर्ड्याच्या चर्चमध्ये शिकलेला एकतीस वर्षांचा तरुण सिनेमाच्या कामातून वेळ काढून हे करत होता.

मग पुढे काय झालं? इथं एखाद्या सिनेमात टाळ्यांचा कडकडाट झाला असता, हारतुरे आले असते. खऱ्या आयुष्यात तसं झालं नाही. सिंफनी वाद्यवृंद चालवणं म्हणजे शंभर माणसांची तालीम, शंभर माणसांचा वेळ, शंभर माणसांची बिदागी. सिनेमाचं गाणं विकलं जातं, राग सारंगमधला कन्चेर्टो विकला जात नाही. १९६० नंतरच्या दशकात अँथनी अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस विद्यापीठानं त्यांना त्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. तिथून परतल्यावर मात्र ते पुन्हा सिनेमाच्या धबडग्यात पडले नाहीत. ते माजोर्ड्याला, आपल्या घरी गेले आणि तिथंच राहिले.

मुंबईचं काम पुढे चालू राहिलं. नवे संगीतकार आले, नवे अरेंजर आले. रोज नवी गाणी. हळूहळू लोक त्यांना विसरले.

पण एकजण विसरला नव्हता.

खूप वर्षांपूर्वी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा अँथनींकडे व्हायोलिन शिकायला आला होता. वडील ट्रंपेटवादक, नाव रामप्रसाद शर्मा. मुलाचं नाव प्यारेलाल. राहुलदेव बर्मन, म्हणजे तुमच्या आजीआजोबांचे लाडके पंचमदा, तेसुद्धा अँथनींचे विद्यार्थी म्हणून ओळखले जातात. प्यारेलालनी पुढे लक्ष्मीकांत कुडाळकर या मित्राबरोबर जोडी जमवली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल! १९६३ च्या 'पारसमणी'पासून या जोडीनं किती गाणी दिली त्याची मोजदाद करता करता दमायला होतं.

'अमर अकबर अँथनी'चं काम चाललं होतं तेव्हा अमिताभच्या पात्राचं नाव अँथनी फर्नांडिस होतं. गीतकार आनंद बक्षी यांनी त्या नावावर गाणं लिहिलं. पण चालीवर ते नाव काही बसेना. तेव्हा प्यारेलालना आपले गुरुजी आठवले. फर्नांडिसच्या जागी गोन्साल्विस करू या, असं त्यांनी सुचवलं. पात्राचं नाव बदललं. गाणं झालं. आणि त्यानंतर आजपर्यंत लग्नात, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडे ते नाव गाजत राहिलंय.

गुरुदक्षिणा म्हणतात ती ही! एकलव्यानं अंगठा दिला. प्यारेलालनी गुरूचं नाव देशभर पोहोचवलं.

इथं माझ्या वर्गात भांडण जुंपलं. एक गट म्हणाला, "बेस झालं की! नाव तर झालं." दुसरा गट म्हणाला, "कसलं बेस? नाव त्यांचं, आणि लोकांना आठवतोय अमिताभ. त्यांचं वाजवलेलं कुणी ऐकलंच नाही." पहिल्या गटातला एकजण म्हणाला, "नाव नसतं तर आपल्याला तरी कळलं असतं का?" दुसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, "पण नाव गंमतीसाठी कशाला? खरं कशासाठी हुतं ते सांगायला पायजे ना."

मी निकाल दिला नाही. मला दोन्ही म्हणणी पटत होती. अजूनही पटतात. नाव राहिलं म्हणूनच पुष्कळांनी मागे वळून विचारलं, हा अँथनी कोण? चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. अभ्यासकांनी त्यांच्याविषयी लिहिलं. हे खरंच आहे. पण त्या मुलीचं म्हणणंही खरं आहे. एखाद्या माणसाचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी असावं आणि त्याचा सारंग मात्र कुणाच्या कानांत नसावा, यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतंच. कवीचं नाव पाठ आणि कविता एकही माहीत नाही, तसंच नाही का हे?

भांडण चाललं होतं तोवर आमचे ट्रॉम्बोनवाले काका कोपऱ्यात वाद्य पुसत बसले होते. एका पोरानं त्यांना विचारलं, "काका, तुमच्या बँडच्या गाडीवर तुमचं नाव आहे का?" काका हसले. म्हणाले, "गाडीवर मालकाचं नाव असतंय की रं. माझं कशाला?" आणि ते गेले. त्यांना संध्याकाळी वरात होती. त्यांना सूर वाचता येत नाहीत. त्यांच्या वडिलांकडून ऐकून ऐकून ते शिकले. पण त्या गाण्यातला ट्रॉम्बोन मधे कुठं येतो, किती घसरतो आणि कुठं थांबतो, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. कधीकाळी कुणीतरी मुंबईत एका कागदावर पाच रेघांत ते लिहिलं होतं. कुणीतरी स्टुडिओत मागच्या रांगेत बसून ते वाजवलं होतं. त्या दोघांची नावं काकांना ठाऊक नाहीत, आणि त्या दोघांना काका ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. सूर मात्र त्यांच्याकडून यांच्याकडे बरोबर पोहोचलेत.

अँथनी गोन्साल्विस यांचं १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात निधन झालं. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्या दिवसांत आमच्याकडे सिद्धेश्वरांची यात्रा असते. गावात सनई, हलगी, बँड यांचा नुसता कल्लोळ असतो. अशा कल्लोळात वाजवणारा प्रत्येकजण कुणाकडून तरी शिकलेला असतो, आणि त्या शिकवणाऱ्यालाही कुणीतरी शिकवलेलं असतं.

मुलांनो, या आठवड्यासाठी तुम्हांला एक काम देते. घरच्या पाठांतरासारखं कंटाळवाणं नाही. तुमच्या आवडीचं एक जुनं गाणं निवडा. ते तीनदा ऐका. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा गाणाऱ्याकडे अजिबात लक्ष देऊ नका, फक्त मागची वाद्यं ऐका. कुठलं वाद्य कधी येतं आणि कधी जातं, ते वहीत लिहा. तिसऱ्यांदा त्यांतलं एकच वाद्य धरा आणि त्याचाच पाठलाग करा. मग त्या गाण्याचा अरेंजर कोण, वादक कोण, हे शोधून काढायचा प्रयत्न करा. घरी मोठ्यांना विचारा, वाचनालयात पाहा, मोबाइलवर शोधा. नाव सापडलं तर ते आपल्या वहीत गायकाच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि तुमच्या गावात बँड वाजवणारे कुणी असतील, तर त्यांचंही नाव विचारा. नाव विचारलं की माणूस आधी जरा चपापतो, आणि मग फार छान हसतो.